तौक्ते गेलं, माड मरत राहिले

आमच्या भाटातला, म्हणजे माडांच्या बागेतला, तौक्तेत दुखावलेला शेवटचा माड गेल्या महिन्यात पाडून घेतला. वादळ २०२१ च्या मे महिन्यातलं. एवढी वर्षं लोटली तरी त्याचं नुकसान आमच्या घरी संपलेलं नव्हतं. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "तौक्ते तर गोव्याला नुसतं घासून गेलं ना?" मला दर वेळी त्याचा त्रास होतो, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

घासून गेलं हे खरं आहे. लक्षद्वीपच्या बाजूला तयार झालेलं ते वादळ १६ मेच्या पहाटे पणजीपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब, भर समुद्रात होतं. ते किनारा धरून उत्तरेकडे सरकत गेलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातेत दीव-ऊनाच्या भागात जमिनीवर चढलं. बॉम्बे हायजवळ पी-३०५ बार्ज बुडून कितीतरी कामगार गेले, ते याच वादळात. गोव्यावर त्याचा डोळा आलाच नाही. तरी इथे दोन माणसं गेली, शेकडो झाडं मुळासकट उपटली गेली, आणि बहुतेक सगळं राज्य अंधारात गेलं. लांबून जाताना ही गत, तर अंगावर आलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

आमचं घर पेडणे तालुक्यात आहे, समुद्रापासून थोडं आत. कौलारू घर, पुढे रस्ता, मागे माड-पोफळींचं भाट आणि त्यामागे डोंगर. तो मे महिना कसा होता हे गोव्यात कुणाला सांगायला नको. कोविडची दुसरी लाट, कर्फ्यू, रोज कुणाच्या तरी घरून वाईट फोन. १४ तारखेला अक्षय्य तृतीया आणि ईद एकाच दिवशी आली होती, पण दोन्हींकडे सण असा नव्हताच. एरवी मे म्हणजे आमच्याकडे पावसाच्या बेगमीचा महिना. सुके बांगडे आणायचे, सोलं वाळवायची, साटं घालायची, लाकडं मांगरात म्हणजे बाहेरच्या खोपीत रचायची, नळे म्हणजे छपराची कौलं परतून घ्यायची. त्या वर्षी नळे परतायला माणूस मिळेना. येणारे घाबरत होते आणि बोलावणारेही. आमच्या घरात तर कोविड होताच. सासरे, ज्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो, त्याच आठवड्यात थोडे सावरून घरी आले होते. वय ऐंशीच्या पुढे. ऑक्सिजन अजून लागायचा, म्हणून ओळखीतून पाच लिटरचा एक कॉन्सन्ट्रेटर मिळवून त्यांच्या खोलीत लावला होता. तो भिंतीला धरून दिवसरात्र घुरघुरत असायचा आणि तो आवाज चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, एवढंच मला कळायचं.

शनिवारी संध्याकाळी पाऊस सुरू झाला. रात्री वारा आला तो डोंगराकडून. आम्ही पेडणेकर वाऱ्याला नवखे नाही. आषाढातला वारा आम्ही दर वर्षी अंगावर घेतो, पण तो समुद्राकडून येतो. म्हणून तर पावसाळ्याआधी घराच्या पश्चिमेला विणलेल्या चुडतांची झापं बांधतात. त्या रात्री वारा मागून आला, जिकडे आडोसा म्हणून काहीच नव्हतं. मागच्या पडवीची कौलं पहिल्या तासातच उडायला लागली. कौल उडतं तेव्हा आवाज होत नाही, तो होतो ते दुसऱ्या कौलावर आपटतं तेव्हा. आम्ही पडवीतली लाकडं, धान्याचं पिंप, शेगडी, जे हाताला लागेल ते आतल्या खोलीत ओढत होतो.

पहाटे कधीतरी एकाएकी मागचा आवाज कमी झाला. मला वाटलं, संपलं. बाबा पडल्या पडल्या मास्क बाजूला करून म्हणाले, "वारो फिरलो." आणि खरंच, दहा-पंधरा मिनिटांत वारा दक्षिणेकडून यायला लागला, आधीपेक्षा जोरात. पुढे दुपारकडे तो समुद्रावरून येऊ लागला. हे असं का, ते मी नंतर नीट समजून घेतलं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. केंद्र आमच्या खाली, दक्षिण-नैर्ऋत्येला होतं तोवर वारा पूर्व-आग्नेयेकडून. ते आमच्या बरोबर पश्चिमेला आलं तेव्हा दक्षिणेकडून. पुढे निघून गेलं तसा नैर्ऋत्येकडून. बाबांना यातलं काही वाचून ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की उधाणात वारा थांबला तर बाहेर पडायचं नसतं, कारण तो जागा बदलत असतो.

झाडांचं नुकसान या फिरण्याने झालं असं माझं मत आहे. आमच्या दारातल्या फणसाने माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचे सगळे पावसाळे पश्चिमेचा वारा खाल्ला होता. त्याची मुळं त्या वाऱ्याला तोंड देत वाढलेली. दक्षिणेच्या वाऱ्याने त्याला आडवं केलं. आमच्या वाड्यावर फिरून पाहिलं तर बहुतेक मोठी झाडं उत्तरेकडे शेंडे करून पडली होती. फणस पडला तो रस्त्यावर, आणि पडताना विजेच्या तारा घेऊन पडला.

वीज गेली आणि कॉन्सन्ट्रेटर थांबला.

इन्व्हर्टर होता. पण ते यंत्र साडेतीनशे वॉट खातं, आणि आमची बॅटरी पंखे-दिव्यांच्या हिशोबाने घेतलेली. फार तर तीन तास, असं नवऱ्याने सांगितलं. आम्ही घरातला प्रत्येक दिवा बंद केला. फोन चालू होता तोवर डॉक्टरांशी बोलणं झालं. ते म्हणाले, पालथं झोपवा, छातीखाली उशी द्या, प्रवाह दोन लिटरच्या वर नेऊ नका, ऑक्सिजनचा आकडा सत्त्याऐंशीच्या खाली गेला तर कसंही करून हलवा. पण हलवणार कुठून? रस्त्यावर फणस, पुढच्या वळणावर कुणाचा तरी आंबा, त्यापलीकडे खांब. थोड्या वेळाने फोनची रेंजही गेली. मी ऑक्सिमीटर बाबांच्या बोटाला लावून बसले. ९१. ९०. परत ९१. बॅटरीच्या दिव्याकडे बघायचं, मग बोटाकडे बघायचं. बाबा पालथे, तोंड भिंतीकडे. मधूनच विचारत, "नळे खंयचे गेले?" त्यांचं लक्ष घराकडे होतं.

नवरा दोन दारं ओलांडून मंडपवाल्याकडे गेला. आमच्या वाड्यावरचा तरुण मुलगा, मंडप-साउंडचा धंदा. कोविडमुळे लग्नं रद्द, जत्रा बंद, लोकांचे आगाऊ घेतलेले पैसे परत करून तो बसला होता. जनरेटर मात्र घरातच होता. डिझेलही थोडं होतं. तो म्हणाला, "काकांक सांग, हाडटां." आणतो म्हणून. जनरेटर आला तो टेम्पोतून नाही, कारण टेम्पो येणंच शक्य नव्हतं. चार जणांनी त्याला बांबू लावून खांद्यावर घेतला आणि त्या वाऱ्यात, पडलेल्या फणसाच्या फांद्यांवरून चढत आणला. त्यातल्या दोघांच्या घरी लहान मुलं होती. आमच्या घरात कोविड आहे हे चौघांनाही माहीत होतं. तोंडाला ओले टॉवेल बांधून ते अंगणापर्यंत आले, जनरेटर गोठ्याच्या आडोशाला ठेवला, वायर खिडकीतून आत दिली. मंडपाच्या जनरेटरचा दाब वरखाली होतो, त्याने यंत्र जळेल म्हणून त्या मुलानेच फ्रीजचा स्टॅबिलायझर मध्ये जोडायला सांगितला. मग दोरी ओढली. पहिल्यांदा नुसताच खोकला. दुसऱ्यांदा तो लागला.

आकडा तोवर ८८ वर आलेला. अर्ध्या तासाने ९२ झाला.

त्या मुलाने आजपर्यंत त्या दिवसांचे पैसे घेतलेले नाहीत. डिझेलचे सुद्धा नाही. नवरा द्यायला गेला तर त्याची आई रागावली. मी इथे त्याचं नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. पण आमच्या घरी पुढे जे कार्य होईल त्याचा मंडप त्याचाच.

दुपारनंतर वारा उतरला तेव्हा वाड्यावरची माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन बाहेर पडली. कुणाकडे तरी झाडं कापायचं मशीन होतं, ते हातोहात फिरलं. अग्निशामक दलाचे लोक सगळ्या तालुक्यात धावत होते, आमच्यापर्यंत त्यांची वाट बघण्यात अर्थ नव्हता. एकाने आधी बजावलं की तारेला हात लावायचा नाही, मेली दिसली तरी नाही, कारण कुणाच्या घरचा जनरेटर उलटा करंट सोडत असेल तर कळणारही नाही. आमच्याच घरी जनरेटर चालू होता, म्हणून नवऱ्याने सगळ्यांदेखत मेन स्विच पाडून त्यावर फडकं बांधलं.

वीज यायला बरेच दिवस लागले. या बाबतीत मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. गोव्याची जवळपास सगळी वीज बाहेरून येते, महाराष्ट्र आणि कर्नाटकातून घाट उतरणाऱ्या मोठ्या वाहिन्यांवरून. त्या वाहिन्या, त्यांच्यापुढची उपकेंद्रं, मग गावातले खांब, मग आमच्या दारावरची तार, असं एकेक करून वर आणायचं असतं. आमच्याकडे तारा जातात त्या माडांच्या, फणसांच्या मधून. वाड्यावर आलेले लाइनमन काळवंडलेले होते, डोळे लाल. किती दिवस झोपले नव्हते देव जाणे. खांबावर चढायच्या आधी त्यांनी फक्त पाणी मागितलं. लोक त्यांना शिव्या देत होते ते मी ऐकलं आहे, आणि मला ते मुळीच पटलं नाही. तारा भूमिगत करायच्या की नाही हे लाइनमन ठरवत नाही.

वीज नाही म्हणजे पाणीही नाही. नळाचं पाणी चांदेलच्या प्रकल्पातून येतं, तिथे पंप चालले तर. घरची विहीर भरलेली, पण पाणी काढणार कसं? मोटर बसवल्यापासून विहिरीवरचा राट, म्हणजे दोराची कप्पी, काढून टाकला होता, दोर तर घरात नव्हताच. शेजारच्या वहिनींच्या गोठ्यातला दोर, आमच्या माळ्यावरचा गंजका राट, असं जुळवून घागर सोडली. विहिरीत पानं, चुडतं, कुणाचं तरी पत्र्याचं पन्हाळं. आधी ते काढलं, मग टीसीएल पावडर टाकली, आणि प्यायचं पाणी उकळून घेतलं. चुलीला लाकडं मात्र भिजलेली. मांगराचं छप्पर गेलं होतं. करवंट्या आणि सोडणं घरात ठेवलेली होती, त्यांनी आम्हाला तारलं. माडाने त्या आठवड्यात आम्हाला असंच जेवू घातलं. पडलेल्या माडांच्या शेंड्यातला पांढरा गाभा काढून सगळ्या वाड्याने खाल्ला. पोरांनी तो पहिल्यांदाच चाखला. गोड असतो. बाबांनी मात्र तोंडात घातला नाही.

आता माडांबद्दल. हे सगळ्यात जास्त लिहायचं होतं.

आमच्या भाटात काही माड मुळासकट उलथले, काही मधून मोडले, पोफळी तर कमरेतून मोडून रांगेने लोळत होत्या. हे सगळ्यांना दिसलं. पण त्याहून जास्त माड असे होते की ते उभे होते आणि त्यांचा शेंडा पिळवटला होता. वारा फिरत राहिल्याने चुडतं एका अंगाला वळली होती, ओला कपडा पिळावा तशी. हिरवी होती. बाहेरच्या माणसाला वाटावं, वाचले.

माडाला वाढायचा कोंब एकच असतो. आंब्याची फांदी मोडली तर बाजूने दुसरी फुटते. माडाला फुटत नाही. आत कोंब दुखावला की वरून हिरवा दिसणारा माड हळूहळू जातो. आधी नवीन चूड छोटी येते, मग येतच नाही, मग पाणी आत साचून कोंब कुजतो. जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि खोडात अंडी घालतो. खाली कुजत पडलेल्या खोडांत गेंड्या भुंगा वाढतो आणि तो शेजारच्या धडधाकट माडावर चढतो. म्हणजे एक पडलेला माड वेळेवर उचलला नाही तर तो दुसरे दोन घेऊन जातो. आम्ही बोर्डो मिश्रण ओतलं, खोडं तोडून जाळली, शेणखताची खाच उपसून अळ्या वेचल्या. काही माड राहिले. बरेचसे पुढच्या दोन-तीन वर्षांत, एकेक करून, गेले.

नुकसानीची पाहणी करायला माणूस आला तेव्हा त्याने पडलेले माड मोजले. नीट मोजले, वागायला सभ्य होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. बाबा तोवर उठून बसत होते. काठी टेकत भाटाच्या गडग्यापर्यंत आले आणि पिळवटलेल्या माडांकडे बोट करून म्हणाले, "हेही लिहा. हे मेलेत." तो म्हणाला, "आजोबा, हे तर उभे आहेत." त्याच्या कागदावर पडलेल्यासाठी रकाना होता, मरणाऱ्यासाठी नव्हता. तेच माझं म्हणणं आहे. वादळाचं नुकसान आठवड्याभरात मोजून होत नाही. बागायतीचं तर नाहीच. निदान वर्षाने एकदा परत येऊन बघायला हवं. माड धरायला सहा-सात वर्षं लागतात. ऐंशी वर्षांचा माणूस ती कुठून आणणार?

दुसरी अडचण कागदांची, आणि गोव्यातल्या वाचकांना ही नक्की ओळखीची वाटेल. भाट कसतो आम्ही, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबारावर, नावं बाबांच्या वडिलांची आणि त्यांच्या भावांची. त्यातले सगळे वारलेले. त्यांचे वारस कुणी मुंबईत, कुणी बेळगावात, एक कुटुंब पोर्तुगालला. भरपाईच्या अर्जाला सगळ्यांची ना हरकत लागणार. कर्फ्यूत, नेटवर्क नसताना, ती कशी गोळा करायची? जेवढ्यांची मिळाली तेवढ्यावर जे मिळायचं ते मिळालं, आणि ते पडलेल्या माडांपैकी काहींसाठीच. ज्या घरात बाईच्या नावावर काहीच नाही आणि पुरुष बोटीवर नोकरीला, तिथे अर्जच गेला नाही, अशी दोन घरं मला माहीत आहेत.

आणि हे पुन्हा होणार. बंगालच्या उपसागराची वादळं आम्ही बातम्यांत बघायचो, अरबी समुद्र शांत मानला जायचा. पण २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं, २०१९ मध्ये क्यार, २०२० मध्ये निसर्ग अलिबागजवळ चढलं, आणि मग तौक्ते. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांनी मांडलं आहे की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या काळापेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापतो आहे, आणि तापलेलं पाणी हेच वादळाचं खाणं. आमच्या तालुक्यात डोंगर कापून जे चाललं आहे ते बघितलं की वारा अडवणारी झाडं तरी किती उरतील, याची मला मनापासून भीती वाटते.

आम्ही आमच्यापुरतं जे केलं ते सांगते. रिकाम्या जागी बाणावली माडाची रोपं लावली, पंचवीस फुटांवर, खोल खड्ड्यात. दाटीने लावलेले माड उजेडासाठी उंच आणि बारीक होतात, तेच आधी मोडले होते. दक्षिणेच्या कडेला, जिथे पूर्वी काहीच नव्हतं, तिथे भिरंडीची आणि जांभळाची झाडं घातली आहेत. तारांवर येणाऱ्या फांद्या एप्रिलमध्येच पाडेल्याकडून, म्हणजे माडावर चढणाऱ्या माणसाकडून, उतरवून घेतो. राट विहिरीवर कायमचा बसवला. बाबांचा कॉन्सन्ट्रेटर कधीच परत गेला, तो पुढे दुसऱ्या कुणाच्या कामी आला. बाबा आहेत. नवीन रोपांना पाणी घालायला कुणी विसरलं तर आवाज देतात.

आणि यंदा एक-चौदाचं काम हातात घेतलं आहे. तुमचंही भाट असेल तर पावसाच्या आधी उतारा काढून बघा, नावं कुणाची आहेत ते. झाडांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा, उभ्या झाडांचेसुद्धा. आमच्याकडे बेळगावची संमती आली आहे, मुंबईच्या दोघांपैकी एकाची आली. पोर्तुगालच्या चुलत नणंदेने कागद वकिलातीतून साक्षांकित करून पाठवते म्हणून सांगितलंय. तो आला की म्युटेशनचा, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलण्याचा, अर्ज देणार.